सोफ्यावरची चिकू: उतरवण्याआधी तिची जागा ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. चिकू ही तुमची कुत्री, अडीच वर्षांची, इंडी म्हणजे आपली देशी, पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमधून घरात आणलेली. आतापर्यंत ती हॉलमधल्या सोफ्यावर बसायची आणि तुम्हा दोघांना त्याचं काही वाटत नव्हतं. आता सासूबाई कायमच्या राहायला आल्यात. त्यांना सोफ्यावर केस चालत नाहीत, आणि गुडघेदुखीमुळे बसायला तीच एक जागा त्यांच्या सोयीची. तुम्ही ओरडलात की चिकू उतरते, पाठ वळली की पुन्हा वर. रात्री मुलगा तिला स्वतःच्या पलंगावर घेतो. शेजाऱ्यांचं म्हणणं, ती डोक्यावर बसलीय, पेपरची गुंडाळी करून दोन द्या. आणि गेल्या आठवड्यात तुमच्या मिस्टरांनी गळ्यातला पट्टा धरून तिला खाली ओढलं तेव्हा ती गुरगुरली.

तुम्ही विचारलंय सोफ्याबद्दल, गुरगुरणं जाता जाता सांगितलंय. मी मात्र गुरगुरण्यापासून सुरुवात करते, कारण केसांची घाई नाही, त्याची आहे.

आजपासून तिला पट्टा धरून ओढणं बंद. घरातल्या कुणीही, कितीही घाईत असलं तरी. डोळा लागलेल्या कुत्र्याच्या मानेला अचानक हिसका बसला की भली शांत कुत्रीही गुरगुरतात. गुरगुरून ती सांगत असते की आता थांबा, पुढे मला झेपणार नाही. त्यावर फटका बसला तर ती सांगायचं सोडून देते, पण न झेपणं तसंच राहतं. मग एक दिवस लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना एकदम चावली.’ चावल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत मी मागचं विचारत गेले की बहुतेक वेळा असंच काहीतरी निघतं: आधी गुरगुरायची, आम्ही ते मोडून काढलं.

दुसरं, तिला एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा. कान, दात, कंबर, मागचे पाय तपासून घ्या. पावसाळा नुकताच संपला असेल तर गोचिडींचंही विचारा. टिक फीव्हरमध्ये सांधे दुखतात आणि एरवी लाडात येणारं कुत्रं अंगाला हात लावू देत नाही. दुखत असेल तर शिकवण्याच्या आधी औषध.

तिसरं, जरा लांबून निरीक्षण करा. कुणी नुसतं सोफ्याजवळून गेलं तरी तिचं अंग ताठ होतं का? तोंड घट्ट मिटून, मान न हलवता ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते का, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो का? काही चघळत असेल तर मध्येच थांबून स्तब्ध होते का? असं दिसलं तर ती जागा राखतेय. मग खाली लिहिलेलं एकट्याने करू नका. घरी येऊन बघणारं, खाऊ देऊन शिकवणारं माणूस बोलवा, आणि तोवर सासूबाई सोफ्यावर असताना मध्ये बेबी गेट राहू द्या. पण फक्त ओढल्यावरच गुरगुरली असेल, जे तुमच्या वर्णनावरून जास्त शक्य वाटतं, तर पुढचं सगळं घरच्या घरी जमण्यासारखं आहे.

आता ते ‘डोक्यावर बसलीय’ प्रकरण. हे इतक्या घरांत ऐकू येतं की त्यावर थोडं सविस्तर बोलते. कळपात एक म्होरक्या असतो, उंच जागा त्याची, म्हणून सोफ्यावर चढलेलं कुत्रं तुमच्यावर हुकूमत गाजवतंय, असा तो समज. याचं मूळ कुत्र्यांत नाहीच, लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये त्यावर लिहिलं. हे लांडगे पिंजऱ्यातले. अशा बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून कळपाचे नियम मांडले गेले. पुढे डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून ते सगळीकडे पोचले. पण त्याच डेव्हिड मीच यांनी नंतर कॅनडातल्या एल्स्मिअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरकेपणासाठी रोजच्या मारामाऱ्या तिथे नसतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००८ मध्ये निवेदन काढून सांगितलं, की कुत्र्याच्या वागण्याचे प्रश्न वर्चस्वाच्या चष्म्यातून सोडवायला जाऊ नका.

आणि त्यासाठी कॅनडाही नको. आपल्या गल्लीत सकाळी दूध आणायला जाताना बघा. भटकी कुत्री कुठे झोपलेली असतात? बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, उभ्या हातगाडीवर, बंद दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या टपावर. थंडीत नुकत्याच येऊन थांबलेल्या गाडीच्या बॉनेटवर, कारण ते गरम असतं. मे महिन्यात गाडीखालच्या सावलीत किंवा गटाराच्या कडेच्या ओल्या मातीत. कोरडी जागा, अंगाला सोसेल असं तापमान, चार दिशा दिसतील अशी उंची आणि झोपेत कुणाचा पाय पडणार नाही याची खात्री, एवढंच त्यांना हवं असतं. चिकू त्यांचीच बहीण आहे. तुमच्या हॉलमध्ये हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. शिवाय तिथे तुम्हा सगळ्यांचा वास आहे, वर पंखा आहे आणि समोर दरवाजा दिसतो.

म्हणून मी नव्या घरी गेले की आधी एक वेडगळ वाटणारी गोष्ट करायला सांगते. तुम्हीही करा. कुत्र्याला जिथे झोपायला सांगता तिथे दहा मिनिटं स्वतः आडवे व्हा. एका घरी कुत्र्याची गादी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी होती. मशीन फिरायला लागलं की फरशी थरथरत होती, नळीच्या तोंडाशी ओल होती आणि तिथून घरातलं एकही माणूस दिसत नव्हतं. त्या गादीची किंमत सोफ्याच्या कुशनपेक्षा जास्त असेल, पण कुत्र्याला त्याच्याशी काय करायचंय?

मग ओरडल्यावर उतरते आणि पाठ वळली की चढते, हे काय? लबाडी? तिने जे शिकायचं ते चोख शिकलंय: माणूस समोर असेल तर सोफ्यावर त्रास, माणूस नसेल तर सोफा मऊ. ओरडा तुमच्यासोबत येतो आणि तुमच्यासोबतच स्वयंपाकघरात जातो. मऊपणा तिथेच राहतो. पेपरच्या गुंडाळीनेही एवढंच होईल, वर तिला तुमच्या हातांची भीती बसेल. आणि सासूबाई नेमका हातात पेपर घेऊनच त्या सोफ्यावर बसत असतील तर बघायलाच नको.

त्यात मधूनमधून परवानगीही मिळते. मिस्टर मॅच बघताना शेजारी घेतात, रविवारी तुम्हालाच तिचा पुळका येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांपासून हे चांगलं माहीत आहे, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सुटायला फार कठीण असते. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस दहा वेळा हरूनही अकराव्यांदा टपरीवर जातो तसंच. त्यामुळे ‘आम्ही शंभरातून नव्वद वेळा उतरवतो’ असं कुणी सांगितलं की मला उरलेल्या दहाची काळजी वाटते.

आधी घरातल्या सगळ्यांनी बसून एक निर्णय घ्या. इथे मी ठाम उत्तर देत नाही, कारण ते तुमच्या घरावर आहे. काही घरांत ‘विचारून चढायचं’ हा नियम छान चालतो: कुत्रं समोर येऊन उभं राहतं, तुम्ही ‘ये’ म्हणालात तर वर, नाहीतर नाही. पण तो पाळायला घरातली सगळी माणसं एका शिस्तीची लागतात. तुमच्याकडे चार जणांची चार मतं आहेत, त्यामुळे माझा कल हॉलच्या सोफ्यापुरता सरळ ‘कधीच नाही’कडे आहे. मुलाच्या पलंगाचं काय? कुत्र्यांना जागा उत्तम कळतात. हा सोफा नाही आणि तो पलंग चालतो, हे चिकू काही आठवड्यांत शिकेल. वार, मूड, पाहुणे आणि ‘आज तिचे पाय स्वच्छ आहेत’ हे मात्र तिला कळत नाही. फक्त गुरगुरण्याचा उलगडा होईपर्यंत पलंगही बंद ठेवा. मुलगा नाराज होईल. त्याला वाटल्यास तिच्या गादीवर बसून लाड करू दे, पण झोपलेल्या तिच्यावर ओणवं व्हायचं नाही, हे त्याला आजच सांगा.

मग सोफा बंद करा, अगदी शब्दशः. हॉलमध्ये लक्ष द्यायला कुणी नसेल तेव्हा कुशन उभी करून ठेवा, बैठकीवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आडव्या टाका, रिकामी सुटकेस ठेवा. घर महिनाभर मांडववाल्याच्या गोदामासारखं दिसेल. इलाज नाही. तुमच्या नजरेआड ती जितक्या वेळा मऊ सोफ्यावर झोपेल तितका तुमचा शिकवण्याचा वेळ वाढेल. अॅल्युमिनियम फॉइल पसरा असा सल्ला तुम्हाला मिळेल. काही कुत्री त्याला घाबरतात, काही ते खातात, मी ते वापरत नाही. विजेचा झटका देणारी मॅट तर घरात आणूच नका. झटका बसला त्या क्षणी समोर सासूबाई उभ्या असतील तर चिकू तो सोफ्याशी जोडेल की त्यांच्याशी, हे तुमच्या हातात नाही.

आता तिची जागा. सोफ्याच्या जवळच, भिंतीला लागून, दरवाजा दिसेल अशी. जमिनीपासून वीतभर उंच, कापड ताणलेली कुत्र्यांची खाट मिळते, ती इंडी कुत्र्यांना फार आवडते. खालून वारा खेळतो आणि पावसाळ्यात फरशीची ओल लागत नाही. वर जुनी गोधडी किंवा तुम्ही दोन दिवस वापरलेली चादर घाला. धुऊ नका, तुमचा वास हवाय. शक्य असेल तर मुलाच्या खोलीतही अशीच दुसरी जागा करा, म्हणजे पलंगाला पर्याय तयार राहील.

शिकवायचं कसं? खाऊ आधी ठरवा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. तेवढं तिच्या जेवणातून कमी करा. बेदाणे आणि शुगर-फ्री गोड पदार्थ चुकूनही देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. जेवणाच्या आधी, ती थोडी भुकेली असताना, पाच मिनिटं पुरेत.

पहिले काही दिवस शब्दच नाही. ती आपणहून खाटेजवळ गेली, नुसता एक पाय ठेवला तरी तुकडा, आणि तो खाटेवरच, तिच्या दोन पुढच्या पायांच्या मध्ये. हातातून भरवलं तर ती तुमच्या हाताकडे येत राहते. खाटेवर पडलं तर खाटेकडे. दोन-तीन दिवसांत ती तिथे जाऊन तुमच्याकडे बघायला लागेल. तेव्हा ती निघायच्या बेतात असतानाच ‘जागेवर’ म्हणा. मग ती तिथे आडवी होईपर्यंत थांबा, मग तुकडा. मग तुम्ही दोन पावलं लांब. मग तुम्ही सोफ्यावर बसलेल्या. मग टीव्ही चालू. मग मुलगा शेजारी. दारावरची बेल सगळ्यात शेवटी. बेल वाजल्यावर जागेवर राहणं ही वरच्या वर्गातली गोष्ट आहे, ती पहिल्या आठवड्यात मागू नका.

जुन्या सवयीचं काय, तर चढण्याआधी कुत्रं काय करतं ते नीट बघायला शिका. चिकू सोफ्यासमोर येऊन थांबेल, नाक सीटच्या कडेवर टेकवेल, एकदा तुमच्याकडे बघेल. मग वजन मागच्या पायांवर घेईल, पाठ किंचित गोल होईल. तुमचा क्षण तो, नाक टेकवलेला. तेव्हा शांत आवाजात ‘जागेवर’ म्हटलं तर ती वळते. पाठ गोल झाल्यावर उशीर झालेला असतो, आणि हवेत असलेल्या कुत्र्याला ‘नो’ म्हणून काही उपयोग नसतो.

आणि चढलीच तर? आरडाओरडा नाही, हात लावणं नाही. एकदा ‘उतर’ म्हणा आणि एक तुकडा खाटेच्या दिशेने जमिनीवर टाका. सगळ्यांनी हाच शब्द वापरा. ‘खाली’ नको, कारण ‘खाली बस’ तिला आधीच येतं. ती उतरेल. पण इथे एक गोची आहे, आणि हुशार कुत्री तुम्हाला इथेच गंडवतात: चढलं की ‘उतर’ ऐकू येतं, उतरलं की चिकन मिळतं, म्हणजे चिकन हवं असेल तर आधी चढायचं! इंडी असली तर हे शोधायला तिला दोन दिवसही लागत नाहीत. यावर दोन उपाय एकदम करायचे. उतरल्यावरचा तुकडा पहिल्या चार-पाच दिवसांनंतर लगेच देऊ नका. ती उतरून खाटेवर गेली, पडली, थोडा श्वास घेतला, मग द्या, आणि हा वेळ वाढवत न्या. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: ती काही न सांगता खाटेवर पडलेली असेल तेव्हा येता-जाता तुकडे टाकत राहा. दिवसभरातले बहुतेक तुकडे ‘न चढण्या’चे असले पाहिजेत. गंमत म्हणजे नेमकं हेच लोक विसरतात, कारण शांत पडलेलं कुत्रं कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

इथे सासूबाई कामाला येतात, आणि मी हे मनापासून म्हणतेय. हॉलमध्ये सर्वात जास्त वेळ कोण असतं? त्याच. आमच्या कामात घरातली वयस्कर माणसं फार चांगले शिक्षक ठरतात, कारण त्यांना घाई नसते आणि त्यांचा दिनक्रम घड्याळासारखा असतो. त्यांना चिकनला हात लावायचा नसेल, कुत्र्याला स्पर्श नको असेल, काही हरकत नाही. त्यांच्या हाताशी एका डब्यात तिच्या कोरड्या खाण्याचे दाणे ठेवा. त्या सोफ्यावर बसल्या आणि चिकू खाटेवर असली की बसल्या जागेवरून एक दाणा खाटेवर फेकायचा. बोलायचंही नाही. ‘या बाई आल्या की माझ्या खाटेवर काहीतरी पडतं’ एवढं चिकूला समजलं, की तिला खाटेवरून हलायचं कारण उरणार नाही. फेकलेला दाणा नेम चुकून खाली पडला तर उठून उचलायचा नाही, हे मात्र सांगून ठेवा. गुडघे तुमचे नाहीत, त्यांचे आहेत.

किती दिवस लागतील? पिल्लू असतं तर मी लवकर म्हटलं असतं. चिकूची अडीच वर्षांची सवय आहे, तेव्हा काही आठवडे धरून चाला. आणि मध्ये एक वाईट टप्पा येईल. सोफा खरोखर बंद झालाय हे कळल्यावर ती आधी जास्त प्रयत्न करेल. कुंई-कुंई करेल, कुशन नाकाने ढकलेल, खुर्ची पाडेल. सगळं फसलं असं वाटून बरीच घरं त्याच सुमारास ‘जाऊ दे, आजच्या दिवस’ म्हणतात. त्या एका दिवसात ती शिकते की खुर्ची पाडेपर्यंत लावून धरलं की मिळतं.

तिच्या शरीराचंही बघा. सकाळी फक्त शी-शू उरकून परत आणत असाल तर अर्धा तास वास घेत रमतगमत फिरू द्या. दमलेलं कुत्रं मिळेल तिथे झोपतं, कंटाळलेलं कुत्रं जागा शोधत हिंडतं. केसांसाठी रोज दोन मिनिटं ब्रश. तेवढ्यानेही सासूबाईंची निम्मी तक्रार कमी होईल. हेच वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा लॅब्रेडॉर म्हातारा असेल किंवा डॅशहंड असेल, तर त्यांच्यासाठी प्रश्न शिस्तीचा कमी आणि सांध्यांचा, मणक्याचा जास्त आहे. त्या कुत्र्यांनी रोज उड्या मारूच नयेत.

दिवाळीत फटाके सुरू झाले आणि ती घाबरून सोफ्यावर तुमच्या मांडीत घुसली तर त्या रात्री नियम आठवू नका. घाबरलेलं कुत्रं काही शिकत नाही. जमलं तर तिची खाट आतल्या खोलीत घ्या, पडदे ओढा, सोबत बसा. सोफ्याचा नियम भाऊबीज झाल्यावर पुन्हा सुरू करता येतो.

एक काम या रविवारी करा. फोन शेल्फवर उभा करून रेकॉर्डिंग लावा आणि घरातले सगळे अर्धा तास बाहेर जा. ती सरळ सोफ्यावर चढून आरामात झोपली तर वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. पण ती आधी दाराशी फेऱ्या मारत असेल, धापा टाकत असेल, रडत असेल आणि मग तुमच्या वासाच्या कुशनमध्ये तोंड खुपसून बसत असेल, तर प्रश्न सोफ्याचा नाही, एकटं राहण्याच्या भीतीचा आहे. त्याचं शिकवणं निराळं, आणि त्यात सोफा बंद करून तिची अवस्था आणखी वाईट होईल. तसं दिसलं तर खुर्च्या उचला आणि रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला काय झालं ते मला लिहून कळवा.